ड्रायव्हरचा फोन वाजवतं कोण?

प्रश्न विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. महापे एमआयडीसीत त्यांचा छोटा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. नऊ टेम्पो आणि आयशर ट्रक, शिवाय आसपासच्या कारखान्यांसाठी तीन स्टाफ बस. ड्रायव्हर गाडी चालवताना सर्रास फोनवर बोलतात. समज दिली, ऑफिसात पाटी लावली, दर वेळी पगारातून १,००० रुपये कापले, फरक शून्य. गेल्या महिन्यात शिळफाट्याजवळ एक टेम्पो पुढच्या रिक्षावर आदळला, थोडक्यात निभावलं. आता सगळ्यांना ब्लूटूथ घेऊन द्यावं का, केबिनमध्ये कॅमेरे बसवावेत का, आणि ई-चलान आलं तर भरायचं कोणी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी या पट्ट्यात, म्हणजे भिवंडीपासून जेएनपीए बंदरापर्यंत, ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ड्रायव्हर ट्रेनिंगचं आणि अपघातानंतरच्या चौकशीचं काम करतो. त्या अनुभवावरून लिहितोय. तुमचे ड्रायव्हर पगारी आहेत की गाड्या अटॅच आहेत (म्हणजे गाडी दुसऱ्याची, काम तुमचं), गाडीवर क्लीनर असतो की ड्रायव्हर एकटा, पार्टी, म्हणजे माल ज्याचा तो, मोठी कंपनी आहे की एपीएमसी बाजारातला व्यापारी, यावर बरंच काही ठरतं. मी पगारी ड्रायव्हर आणि एकट्याने चालणारी गाडी धरून चाललोय, कारण तुमच्या लिहिण्यावरून तसंच वाटतं.

ब्लूटूथची ऑर्डर देण्याआधी एक काम करा. वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर तुमच्या गाड्यांची चलानं काढा. मोबाइलवर बोलल्याबद्दलच्या चलानावर तारीख, वेळ, जागा मिळते, बऱ्याचदा फोटोही. त्याच्या शेजारी ऑफिसच्या फोनचा, सुपरवायझरच्या मोबाइलचा आणि तुमच्या स्वतःच्या मोबाइलचा कॉल लॉग ठेवा आणि वेळा जुळवून बघा. हे करायला लावलं की मालक मंडळी एकदम गप्प होतात. चलानं नसतील तर शिळफाट्यापासून सुरुवात करा. टेम्पो आदळला तेव्हा त्या ड्रायव्हरच्या फोनवर समोरून कोण बोलत होतं? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं त्याला विचारलंही नसेल.

ड्रायव्हर गप्पा मारायला फोन घेतो असं आपण धरून चालतो. काही घेतातही. पण धंद्याच्या गाडीला दिवसाउजेडी येणारे फोन मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात: ऑफिस, माल पाठवणारी पार्टी आणि माल उतरवून घेणारी पार्टी. स्टाफ बसला यात स्टॉपवर उभ्या असलेल्या मंडळींची भर पडते. तिघांचाही प्रश्न एकच, ‘कुठे पोचलास?’ फोन उचलला तर १,००० रुपये जातात आणि नाही उचलला तर ‘फोन कशाला दिलाय तुला’ हे ऐकावं लागतं. चलान कधीतरी येतं, शिव्या रोज बसतात, त्यामुळे तो फोन उचलणारच. तुम्ही त्याच्याकडून दंड घेताय म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तुर्भ्यातल्या एका डिस्पॅच ऑफिसात मी सकाळभर नुसता बसून होतो. सुपरवायझरच्या समोर मोठा स्क्रीन, त्यावर सगळ्या गाड्यांचे बाण. एक आयशर ठाणे-बेलापूर रोडवर दिघ्याजवळ, वेग ५०च्या आसपास. सुपरवायझरने त्या बाणाकडे बघत बघत फोन लावला, ‘हां, कुठे पोचला रे?’ तिकडून उत्तर आलं, ‘ऐरोलीला आलो, शेठ.’ बाण दिघ्यालाच होता. ड्रायव्हर खोटं बोलला हे सुपरवायझरला दिसलं, त्याने वर शिवी हासडली, आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन लावला. गाडी कुठे आहे हे त्याला माहीत होतं. फोन करून फक्त आपण काम करतोय असं त्याला वाटत होतं. लाखभर रुपयांचे जीपीएस ट्रॅकर घेतलेल्या कंपनीत हे चाललं होतं. तुमच्याकडे वेगळं चाललं असेल तर उत्तमच, पण बघून खात्री करा.

आता दंडाबद्दल. पगारातून दंड कापायला कायद्याने मर्यादा आहे. त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांहून जास्त दंड लावता येत नाही, आणि कशाकशाबद्दल दंड होऊ शकतो ते आधी रीतसर मंजूर करून जाहीर करावं लागतं. २२ हजार पगार असेल तर महिन्याला ६६० रुपये. म्हणजे तुमचे १,००० एका फटक्यातच नियमाबाहेर. उद्या एखादा ड्रायव्हर कामगार आयुक्तांकडे गेला तर उत्तर द्यायला तुम्हाला जड जाईल.

त्याहून वाईट म्हणजे दंडामुळे फोन बंद होत नाही, खाली जातो. आधी कानाला लावत होता तेव्हा निदान नजर रस्त्यावर होती. आता तो मांडीवर ठेवून स्पीकरवर बोलतो, नंबर बघायला मान खाली घालतो. ५०च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. तीन सेकंद मान खाली म्हणजे ४२ मीटर, आणि शिळफाट्याला ४२ मीटरांत किती रिक्षा, किती बाइक आणि किती माणसं असतात ते तुम्ही रोज बघता. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या एका संशोधन संस्थेने २०१० साली चार राज्यांतले दावे तपासले. गाडी चालवताना मेसेज करायला बंदी आल्यावरही अपघाताचे दावे कमी झाले नव्हते, उलट थोडे वाढले होते. पोलिसांना दिसू नये म्हणून लोक फोन आणखी खाली धरत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. माझ्या डोळ्यांनी मी इथे तेच बघतो.

ब्लूटूथ घेऊ नका. हे वाचून बऱ्याच जणांना राग येईल, पण माझं मत ठाम आहे. हात मोकळे झाले तरी डोकं मोकळं होत नाही. टोरांटोतल्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिलं तपासली होती. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यात काही सूट मिळालेली दिसली नाही. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं चालतं आणि फोनवर बोलणं का चालत नाही, हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये हमखास येतो. यूटा विद्यापीठात २००८ साली नेमकं हेच तपासलं होतं. शेजारच्याला रस्ता दिसतो. कल्याण फाट्याला समोरून ट्रेलर आडवा आला की तो आपसूक गप्प होतो, किंवा ‘अरे बघ बघ’ म्हणतो. फोनवरच्या पार्टीला ट्रेलर दिसत नाही, ती बिलातली तफावत सांगतच राहते. वर ब्लूटूथ कंपनीने दिलं म्हणजे शेठनेच बोलायला परवानगी दिली, असा त्याचा अर्थ होतो. आधी अर्ध्या मिनिटात संपणारे फोन मग वाशीपासून पनवेलपर्यंत चालतात.

मग करायचं काय? सुरुवात ऑफिसपासून करा. नियम एका ओळीचा: बाण हलत असेल तर फोन लावायचा नाही. सुपरवायझरने आधी स्क्रीन बघायचा, गाडी उभी दिसली तर खुशाल बोलायचं. चालू असेल तर मेसेज टाकायचा, ड्रायव्हर थांबल्यावर वाचेल. हा नियम तुम्हालाही लागू, आणि सगळ्यात जास्त तुम्हालाच जड जाणार आहे. ट्रॅकर नसेल तर आधी तो घ्या, कॅमेऱ्याच्या मानाने स्वस्त पडतो. स्टाफ बसला एआयएस-१४० चा, म्हणजे प्रवासी गाड्यांसाठीच्या सरकारी मानकाचा, ट्रॅकर असायलाच हवा. त्याचं लॉगिन कुठल्या तरी एजंटच्या मोबाइलमध्ये अडकलेलं असतं, ते ताब्यात घ्या.

खरोखर तातडीचं काम निघतंच. पत्ता बदलला, घोडबंदरला गायमुखच्या पुढे सगळं ठप्प झालं, अवजड वाहनांच्या बंदीची वेळ गाठायची आहे. त्यासाठी एकच नंबर ठेवा. त्या नंबरवरून दोन रिंग देऊन कट करायचं. ड्रायव्हरने तो फोन उचलायचाच नाही, त्याचा अर्थ फक्त ‘पुढच्या बऱ्या जागी थांब आणि फोन कर’ एवढाच. बरी जागा म्हणजे पेट्रोल पंप, ट्रक टर्मिनल, पार्टीचं गेट, जेएनपीएचा पार्किंग प्लाझा. एक्सप्रेसवेच्या कडेला किंवा फ्लायओव्हरच्या उतारावर इंडिकेटर लावून उभं राहणं म्हणजे फोन घेण्यापेक्षा मोठा धोका. अटल सेतू तर २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर थांबायला मनाई आहे, तेव्हा गाडी सेतूवर चढली की ती उतरेपर्यंत उत्तर येणार नाही हे ऑफिसला माहीत हवं. सिग्नलला थांबल्यावर फोन घेतला तर चालेल का, असंही विचारतात. नाही चालणार. सिग्नलला उभी असलेली गाडी ही चालू गाडीच, आणि हिरवा पडल्यावर मागच्याचा हॉर्न ऐकून दचकून गाडी काढणारे ड्रायव्हर मी तीन हात नाक्याला उभं राहून बघितलेत.

पार्टीचे फोन बंद करणं अवघड, पण कमी करता येतात. तुमच्या एलआरवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ड्रायव्हरचा मोबाइल नंबर छापलेला असेल. तो काढून तिथे ऑफिसचा नंबर टाका, खाली एक ओळ: ‘गाडी चालवताना आमचा चालक फोन घेत नाही. चौकशी ऑफिसला करावी.’ मोठ्या कंपन्यांना ट्रॅकिंगची लिंक द्या. त्यांच्याकडे सुरक्षेची खाती असतात, त्यांना हे आवडतं, काही जण तर रेट ठरवताना विचारतातसुद्धा. बाजारातला व्यापारी ऐकणार नाही, तो गेल्या वेळचा नंबर शोधून लावणारच. त्यावर माझ्याकडे सोपा उपाय नाही. ऑफिसचा फोन पहिल्या दोन रिंगमध्ये उचलला गेला तर त्याची सवय हळूहळू बदलते, एवढंच बघितलंय. ऑफिसात कोणी फोन उचलत नाही म्हणूनच तो ड्रायव्हरला लावतो.

पहिल्या आठवड्यातच एखादी पार्टी तुम्हाला फोन करेल, ‘तुमचा ड्रायव्हर फोन उचलत नाही, कसली माणसं ठेवलीयत?’ त्या वेळी तुम्ही काय उत्तर देता यावर सगळं अवलंबून आहे. ‘आमचा नियम आहे साहेब, गाडी अमुक ठिकाणी आहे, अर्ध्या तासात पोचेल’ असं म्हणालात, आणि ते ड्रायव्हरच्या कानावर गेलं, तर काम झालं. त्याऐवजी त्याला बोलावून झापलंत तर पाटी, ट्रेनिंग, ट्रॅकर सगळं पाण्यात. ड्रायव्हर लोक पाटी वाचत नाहीत, शेठ कोणाच्या बाजूने उभा राहतो ते बघतात.

स्टाफ बसचं थोडं वेगळं. पहाटे किंवा रात्री एकट्याने स्टॉपवर उभी असलेली बाई ‘भाऊ, कुठे आलात?’ विचारणारच, त्यात तिची काही चूक नाही. तिला लिंक द्या, म्हणजे बस मोबाइलवर दिसेल. प्रत्येक स्टॉपची वेळ आणि थांबण्याची मिनिटं कंपनीच्या एचआरकडून लेखी ठरवून घ्या. ‘दोन मिनिटं थांबा, आलेच’ हे फोन बंद व्हायचे असतील तर बस ठरलेली मिनिटं थांबून निघाली पाहिजे, आणि त्याबद्दल ड्रायव्हरची तक्रार झाली तर एचआरने ती ऐकून घेता कामा नये. बसच्या ग्रुपवर ड्रायव्हरला ठेवू नका. ग्रुपवर सकाळचे सुविचार येतात, तेही तो बघतो.

आता फोनच्या सेटिंगचं. अँड्रॉइडमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि आयफोनमध्ये ‘ड्रायव्हिंग फोकस’ असतं. ते लावून दिलंत की झालं, असं समजू नका. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा फोन करणाऱ्यासाठी एक पळवाट ठेवलेली असते: त्याच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन आला की तो वाजतो. आपल्याकडे एकदा फोन लावून गप्प बसणारी पार्टी असते का? ते सेटिंग शोधून बंद करा. चालू ठेवायचा नंबर फक्त तुमचा दोन रिंगवाला. घरचा एक नंबरही ठेवू द्या, आणि घरच्यांनाही दोन रिंगचं समजावून सांगायला सांगा. नाहीतर पोराला ताप आला असेल या काळजीने तो सेटिंगच काढून टाकेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

नकाशासाठी फोन वापरायला हरकत नाही. ऑक्टोबर २०२०पासून नियमांतही तशी मुभा आहे, अट एवढीच की चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये. फोन डॅशबोर्डवर स्टँडमध्ये, नजरेच्या रेषेजवळ हवा. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा. स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या काचेला टेकवून ठेवलेला फोन ब्रेक मारला की पायाशी जातो, आणि मग पेडलजवळ हात घालून तो शोधणं सुरू होतं.

रात्रीच्या गाड्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. नाशिक किंवा सुरतची रात्रीची फेरी असेल तर ड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून फोनवर बोलत राहतात. घरी, गाववाल्यांशी, दुसऱ्या गाडीवरच्या दोस्ताशी. काही जण डॅशबोर्डवर व्हिडिओ लावून ठेवतात. अशा माणसाचा फोन काढून घेतलात आणि बाकी काहीच बदललं नाही तर तो कसाऱ्याच्या अलीकडे पेंगेल. तिथे आधी ड्युटीचे तास बघा. दिवसभर लोकल डिलिव्हरी करून आलेल्याला रात्री लाइनवर पाठवताय का? वाटेत अर्धा तास झोप काढायची मुभा आहे का, की पोचायला उशीर झाला तर भत्ता कापला जातो? हे सुटल्याशिवाय रात्रीच्या गाडीवर फोनबंदीचा आग्रह मी धरत नाही.

कॅमेऱ्याबद्दल. कानाला फोन लागला किंवा मान खाली गेली की बीप वाजवणारे कॅमेरे आता मिळतात आणि बऱ्यापैकी काम करतात. पण ते सगळ्यात शेवटी बसवा. ऑफिसचे फोन चालू असताना कॅमेरा बसवलात तर तुमच्याच सुपरवायझरच्या फोनचं रेकॉर्डिंग जमा होत राहील. लेन्सवर टिकली लावून मोकळे होणारे ड्रायव्हरही भेटतील. बसवलात तर क्लिप फक्त त्या ड्रायव्हरला, एकट्याला बसवून दाखवायची. कंपनीच्या ग्रुपवर टाकून हसं केलंत तर चांगले ड्रायव्हर आधी सोडून जातात, आणि चांगला ड्रायव्हर मिळणं सध्या किती मुश्कील आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

अटॅच गाड्या पुढे-मागे घेतल्यात तर यातलं निम्मं चालणार नाही. गाडी त्याची, फोन त्याचा, दुसऱ्या ट्रान्सपोर्टरचं भाडंही तो त्याच फोनवर घेणार. तिथे करारात एक कलम आणि तुमच्या ऑफिसचे फोन बंद, यापलीकडे फारसं हातात राहत नाही.

राहिला चलानाचा प्रश्न. आधी कायदा काय म्हणतो ते बघा, कारण ड्रायव्हरसाठी हे फक्त पैशाचं प्रकरण नाही. हातात फोन धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात येतं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर दंड १०,००० आणि कैद दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ सालीच राज्यांना सांगितलंय की मोबाइलवर बोलताना सापडलेल्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. तीन महिने लायसन्स नाही म्हणजे तुमचा एक ड्रायव्हर घरी. आणि त्याच कायद्याचं कलम १८८ वाचा: १८४च्या गुन्ह्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. गाडी चालू आहे हे स्क्रीनवर दिसत असताना फोन लावणारा त्यात बसतो की नाही यावर वकील भांडत बसतील. मला विचाराल तर ती वेळच येऊ देऊ नका.

चलान गाडीच्या नंबरवर, म्हणजे तुमच्या नावावर येतं. मी ट्रान्सपोर्टवाल्यांना असं ठरवून देतो: चलानाची वेळ बघायची, त्या वेळी ड्रायव्हरच्या फोनवर कोणाचा कॉल होता ते त्याच्यासमोर बसून बघायचं. ऑफिसचा असेल तर चलान ऑफिस भरेल, आणि ज्याने फोन लावला त्या सुपरवायझरला जाब विचारला जाईल. पार्टीचा असेल तर तेही पहिल्या वेळी ऑफिस भरेल, आणि त्या पार्टीला कोणी कळवायचं ते तिथल्या तिथे ठरेल. त्याचा खाजगी फोन असेल तर चलान त्याचं. पगारातून परस्पर कापू नका, त्याने स्वतः ऑनलाइन भरून पावती दाखवायची. कामावर घेतानाच हे मराठी आणि हिंदीत लिहून त्याची सही घ्या. जुन्या ड्रायव्हरांचे आधी कापलेले १,००० रुपये मात्र येत्या पगारात परत करा, नाहीतर नव्या कागदावर कोणी मनापासून सही करणार नाही.